सूत्र, संहिता आणि प्रकरण

‘संहिता’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. नाटकाची संहिता म्हटले की वाचावयाचा आणि अर्थ लावावयाचा मजकूर डोळ्यांपुढे येतो. दंडसंहिता किंवा आचारसंहिता म्हटले की पाळावयाचा नियम. संगणकाचा प्रोग्राम हा या दोन्ही अर्थांनी संहिता आहे. तो माणसे लिहितात, दुसरी माणसे वाचतात, त्यात भर घालतात, त्याच्या आवृत्त्या निघतात. आणि त्याच वेळी यंत्र तो आज्ञा म्हणून पाळते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत लिहिल्या गेलेल्या मजकुरात या संहितेचा वाटा फार मोठा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र तिच्याकडे, क्वचित अपवाद सोडता, पाठ फिरवलेली दिसते. आता ही संहिता यंत्रच लिहू लागले आहे, तेव्हा तिचा इतिहास एकदा पाहून घ्यावा असे आम्हांस वाटते. हा इतिहास नोव्हेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटीच्या आगमनाने सुरू झाला अशी समजूत रूढ आहे. ती खरी नाही. त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण पुण्यात घडले, आणि त्यातून उभे राहिलेले प्रश्न अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यापर्यंत कसे पोहोचले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

यंत्राने स्वतः प्रोग्राम लिहावा ही इच्छा संगणकाइतकीच जुनी आहे. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा सिद्ध केली, तेव्हा तिचे वर्णनच ‘स्वयंचलित कोडलेखन’ असे करण्यात आले होते. गणिती सूत्र लिहावे आणि यंत्राच्या अंकांतील आज्ञा यंत्रानेच तयार कराव्यात, ही त्या काळी खरोखर नवलाची गोष्ट होती. पुढे ते नवल ओसरले, आणि फोरट्रानमध्ये लिहिणे यालाच लोक ‘प्रोग्राम लिहिणे’ म्हणू लागले. डेव्हिड पार्नास यांनी १९८५ मध्ये यावर नेमके बोट ठेवले : स्वयंचलित प्रोग्रामलेखन हे प्रत्येक काळी, त्या काळच्या भाषेहून अधिक उंचीवरच्या भाषेत लिहिण्याचेच गौरवाचे नाव ठरत आले आहे. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक ब्रुक्स यांनी अडचणींचे दोन वर्ग केले. काही अडचणी साधनांच्या असतात, त्या साधने सुधारली की जातात. काही मात्र विषयाच्या पोटातच असतात : काय हवे आहे हे ठरवण्याच्या, नेमके सांगण्याच्या. त्या साधनांनी जात नाहीत. आमच्या मते या दोन निरीक्षणांच्या पलीकडे फारसे कोणी गेलेले नाही.

या संहितेचा आणखी एक स्वभाव आहे. छापलेली कादंबरी जागेवर राहते. चालू प्रोग्रामला तसे राहता येत नाही. मेयर लेहमन यांनी १९७४ मध्ये मांडलेला पहिला नियम असा की, प्रत्यक्ष व्यवहारात गुंतलेली प्रणाली सतत बदलत राहिली पाहिजे, नाहीतर ती हळूहळू निरुपयोगी होते. कारण ज्या जगासाठी ती लिहिली ते जग बदलते. कर बदलतात, कायदे बदलतात. सॉफ्टवेअर लिहून झाले असे कधी होतच नाही. ते लिहिले जात असते. पुढे या निरंतर लेखनाची अवजारे झाली. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगच्या मंडळींनी १९९९-२००० च्या सुमारास, प्रत्येकाने केलेले बदल दिवसातून अनेकदा एकत्र करून तपासण्याचा आग्रह धरला. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ ही आवृत्त्या सांभाळणारी व्यवस्था निर्माण केली. तीत प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याची नोंद राहते. बदल तपासून थेट वापरात आणण्याची साखळीही हळूहळू यंत्राच्या हाती गेली. ‘निरंतर सॉफ्टवेअर-अभियांत्रिकी’ असे आज म्हणतात ते हेच.

आता पुण्याकडे येऊ. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची धुरा फकीरचंद कोहली यांच्याकडे असताना, १९८१ साली, टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संस्था तेथे स्थापन झाली. परदेशी ग्राहकाने सांगावे आणि इथल्या तरुणांनी लिहून द्यावे, असा व्यवहार नुकता कुठे रुळत होता. अशा वेळी लिहिण्याच्या क्रियेवरच संशोधन करावे हा विचार दूरदृष्टीचा होता, यात शंका नाही. तिथल्या सॉफ्टवेअर-संशोधनात केशव नोरी यांचे नाव अग्रणी होते. १९७० च्या दशकात झुरिकला निकलाउस विर्थ यांच्या गटात पास्कल भाषेच्या ‘पी’ कंपायलरवर त्यांनी काम केले होते. या कंपायलरची युक्ती मोठी रमणीय आहे. तो खऱ्या यंत्रासाठी आज्ञा तयार करीतच नसे. एका काल्पनिक यंत्रासाठी करी. ज्याला आपल्या यंत्रावर पास्कल हवे त्याने तेवढ्या काल्पनिक यंत्राची नक्कल आपल्या यंत्रावर उभी करावी, की झाले. आशय एकीकडे, यंत्र दुसरीकडे आणि मध्ये एक कल्पित पातळी, अशी ही रचना होती.

हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर ‘मास्टरक्राफ्ट’मध्ये दिसते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साधने घडवली. बँक, विमा यांसारख्या उद्योगांच्या प्रणाली लाखो ओळींच्या असतात, पण त्यांतील बहुतेक ओळी पुनरुक्त असतात. माहिती पडद्यावर दाखवणे, ती साठवणे, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोहोचवणे, चूक झाली तर व्यवहार मागे घेणे हे सगळीकडे सारखेच. निराळे काय असते? तर ‘खाते’ म्हणजे काय, ‘ग्राहक’ कोण, व्याज केव्हा आकारायचे. तेव्हा हा निराळा भाग मॉडेलच्या रूपाने एकदाच लिहावा, आणि मॉडेलवरून कोड तयार करणारे प्रोग्राम बनवून बाकीचा मजकूर त्यांच्याकडून लिहून घ्यावा. तंत्र बदलले, मोठ्या यंत्रावरून इंटरनेटवर जायचे झाले, तर जनक-प्रोग्राम बदलावा. मॉडेल तेच राहील. मॉडेल लिहिण्याच्या भाषेचेही मॉडेल हवे, म्हणून ‘मॉडेलचे मॉडेल’ ही एक पातळी आलीच. ज्यांनी पाणिनीय परंपरेतील परिभाषासूत्रे, म्हणजे सूत्रे कशी वाचावीत हे सांगणारी सूत्रे, पाहिली आहेत त्यांना ही पातळी परकी वाटू नये.

२००१ च्या सुमारास ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या आंतरराष्ट्रीय संघटनेने मॉडेलाधारित रचनेचा पुरस्कार केला, आणि एका मॉडेलचे दुसऱ्यात रूपांतर कसे लिहावे याचे प्रमाण ठरवताना टाटांचा गटही प्रस्ताव मांडणाऱ्यांमध्ये होता. पण आम्हांला या गटाचे लेखन महत्त्वाचे वाटते ते वेगळ्या कारणासाठी. कुलकर्णी, रेड्डी आणि आशा राजभोज यांनी २०१० मध्ये आपला अनुभव मांडला, तेव्हा कोड तयार करण्याच्या कौशल्यापेक्षा भलत्याच गोष्टींचा पसारा त्यात दिसतो. शेकडो माणसे एकाच मॉडेलवर काम करतात तेव्हा त्याचे भाग कसे पाडायचे? दोघांनी केलेले दोन बदल कसे जुळवायचे? मॉडेलमध्ये तीळभर बदल झाला तर सगळे पुन्हा निर्माण न करता नेमके तेवढेच कसे बदलायचे? म्हणजे लेखन यंत्राकडे गेले. संपादन मात्र माणसांकडेच राहिले, आणि ते अधिक अवघड झाले. शिवाय मॉडेलाधारित पद्धतीचे एक जुनेच दुखणे आहे. घाईच्या दिवशी कोणीतरी मॉडेलला हात न लावता तयार झालेल्या कोडमध्येच दुरुस्ती करतो. त्या क्षणापासून मॉडेल एक सांगते आणि यंत्र दुसरेच करते.

मॉडेल म्हणजे अर्थनिश्चिती. तिच्या मागे काय असते हे वऱ्हाडाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जून २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ व्हायचे होते. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. माफीचा हिशोब ‘कुटुंब’ या घटकावर होता, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची १८ वर्षांखालील मुले. व्याख्या साधी दिसते. पण सातबारा वडिलांच्या नावे, कर्ज आईच्या नावे, थोरला मुलगा पंचविशीचा आणि सगळ्यांची चूल एक, अशा घरात ‘कुटुंबे’ किती? गावात विचाराल तर एक. योजनेत दोन. हा फरक कोणा प्रोग्रामरच्या चुकीचा नाही. तो शब्दाच्या दोन अर्थांचा आहे, आणि प्रणालीला त्यांपैकी एकच निवडावा लागतो. अकोला-अमरावतीतील सेवा केंद्रांसमोर अर्ज भरण्यासाठी लागलेल्या रांगा, बँकांकडील माहितीशी अर्जांची पडताळणी, आणि मग ‘ग्रीन लिस्ट’ची प्रतीक्षा. हा इंग्रजी शब्द त्या हंगामात खेड्याखेड्यांत मराठी झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली, याद्यांत चुका निघाल्या आणि पडताळणी पुन्हा करावी लागली. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली तेव्हा मर्यादा दोन लाखांची झाली आणि कुटुंबाऐवजी शेतकरी व्यक्ती हा घटक धरण्यात आला. मॉडेलमधला एक चौकोन पुसला गेला म्हणा ना! त्याच्याबरोबर कोण आत आले आणि कोण बाहेर गेले, हा राज्यशास्त्राचा प्रश्न आहे. परंतु तो ठरला एका व्याख्येत, आणि ती व्याख्या लोकांपर्यंत पोहोचली प्रोग्रामच्या रूपाने.

या टप्प्यावर आम्ही वाचकांना अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरला नेऊ इच्छितो. मूळ प्रसंगमय मजकुरातून नेमके सूत्र वेगळे काढले की काय होते, याचा मराठीतील सर्वांत जुना अनुभव तिथल्या परंपरेत नोंदला गेला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. त्या लीळांतून केसोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढली आणि सूत्रपाठ तयार केला. पसरलेल्या आख्यानातून काढलेला तो सिद्धान्ताचा आराखडा होता. आचाराची, विचाराची चर्चा मग त्या सूत्रांवर होऊ लागली. पण सूत्र प्रसंगापासून तुटले की त्याचा अर्थ निसटतो. हे वचन कोणाला, कोठे, कशाच्या उत्तरादाखल म्हटले होते? म्हणून ‘प्रकरणवश’ ही तिसरी रचना करावी लागली. प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणे एवढेच तिचे काम. आणि लीळाचरित्राच्या पाठांत मतभेद उरले ते पुसून टाकण्याऐवजी ‘वासना’ म्हणून, म्हणजे अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, नोंदवले गेले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले लीळाचरित्र ज्यांनी हाताळले आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

या साम्याचा पतंग फार उडवू नये, हे आम्ही जाणतो. महानुभावांचा हेतू मोक्षाचा होता, बँकेचा नव्हे. आणि सूत्रपाठावरून कोणी लीळा निर्माण करीत नव्हते. तरीही लीळा, सूत्र आणि प्रकरणवश या तीन रचनांचा परस्परसंबंध आज सॉफ्टवेअरच्या अभ्यासकांना जो प्रश्न छळतो त्याच्या फार जवळ आहे. कोडच्या प्रत्येक ओळीपासून मॉडेलमधल्या विधानापर्यंत, आणि त्या विधानापासून ते ज्या गरजेतून आले तिथपर्यंत माग काढता यावा, अशी त्यांची धडपड असते. कोड मुबलक असतो. मॉडेल असले तर असते. प्रकरणवश लिहायला मात्र कोणी बसत नाही, कारण त्याचे पैसे कोणी देत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे वळण. मॉडेलवाल्यांची पद्धत निगमनाची होती : आधी नेमके सांगा, मग लिहून मिळेल. नवी पद्धत याच्या उलट टोकाची आहे. २०२१ मध्ये ओपनएआयचे ‘कोडेक्स’ आणि त्यावर आधारलेले ‘गिटहब कोपायलट’ आले. जगभरच्या लोकांनी उघड्यावर ठेवलेला अफाट कोड वाचून, अशा ठिकाणी पुढे बहुधा काय लिहिले जाते याचा अंदाज बांधायला ते शिकले होते. नेमके सांगण्याची अट गेली. मोघम बोललेलेही पुरू लागले. फोरट्रानपासून मास्टरक्राफ्टपर्यंत प्रत्येक टप्प्यावर, एकाच वाक्याचे रूपांतर दरवेळी एकसारखेच होईल याची हमी होती. येथे ती सुटली. २०२३ मध्ये ‘एसडब्ल्यूई-बेंच’ ही परीक्षा तयार झाली. पायथॉन भाषेतील १२ खऱ्या प्रकल्पांत माणसांनी नोंदवलेल्या तक्रारींवरून तीत २,२९४ प्रश्न निवडले होते; तक्रार वाचायची, हजारो ओळींतून दोष शोधायचा, दुरुस्त करायचा, चाचण्या उत्तीर्ण व्हायच्या. सुरुवातीला या परीक्षेत यंत्रांची दैना उडाली. दोन-तीन वर्षांत चित्र पालटले, आणि तक्रार वाचून, बदल करून, चाचणी चालवून, फसल्यास पुन्हा प्रयत्न करणारे ‘एजंट’ रोजच्या कामात आले. लेहमनच्या नियमातील न संपणारे लेखन आता यंत्राच्या आवाक्यात आले होते.

मॉडेलचे युग त्यामुळे संपले असे काहींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. स्वीडनमधील मेलार्डालेन विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२१ मध्ये युरोपात जो मोठा संशोधनप्रकल्प सुरू झाला, त्यात मॉडेल आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची मुद्दाम सांगड घातली होती. प्रणाली चालू असताना तिच्याकडून येणाऱ्या माहितीवरून यंत्राने शिकावे, आणि शिकलेले मॉडेलच्या चौकटीत तपासून पाहावे, असा त्याचा रोख होता. कारण उघड आहे. चाचणी उत्तीर्ण होणे आणि अर्थ बरोबर असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ‘कुटुंबात १८ वर्षांखालील मुले धरावीत’ अशी चाचणी लिहिलेली असेल तर यंत्र तिला उतरेल असा कोड बिनचूक देईल. पंचविशीच्या थोरल्याचे काय, हे त्याला विचारावेसे वाटणार नाही. विचारलेच, तर उत्तर कोणी द्यायचे?

वऱ्हाडाच्या दृष्टीने यातला खरा सवाल तरुणांचा आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. पण लाट आली ती १९८३ मध्ये, विनाअनुदान महाविद्यालयांना राज्याने परवानगी दिली तेव्हा. त्याच वर्षी बडनेऱ्याला आणि शेजारी शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. आठ वर्षांनी, १९९१ मध्ये, सी-डॅकचा ‘परम ८०००’ हा महासंगणक पुण्यात सिद्ध झाला आणि त्याचे शिल्पकार विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, हे कळल्यावर इकडच्या मास्तरांना सांगायला एक उदाहरण मिळाले. परंतु बहुसंख्यांची वाट महासंगणकाची नव्हती. कापसाचा भरवसा जसजसा गेला तसतसा एखादे एकर विकून, कर्ज काढून मुलाला ‘कॉम्प्युटर’ला घालणे हा घराचा मार्ग झाला. अमरावती-अकोल्याहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्स भरभरून जाऊ लागल्या. या मुलांच्या हाती पहिले काम कोणते येई? जुन्या कोडमधली दुरुस्ती, चाचण्या, एका तंत्रातून दुसऱ्या तंत्रात रूपांतर. २००० साल उजाडण्यापूर्वी दोन अंकी वर्षे चार अंकी करण्याचे काम निघाले, त्याने या उद्योगाला पाय दिले. आणि त्याही वेळी पुण्याच्या संशोधकांनी कोड वाचून दोषाच्या जागा दाखवणारी साधने केली होतीच. म्हणजे शिडीची खालची पायरी ही नेहमीच यंत्राच्या तोंडाशी होती. फक्त तिच्यावर उभे राहण्यापुरती उसंत मिळत गेली. आता ती उसंत उरलेली नाही.

आणि वर्गात काय चालते? आमच्या पाहण्यातला प्रघात असा, की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मुले आधी कुठून तरी कोड मिळवतात, तो चालवतात, आणि अहवाल बांधायला देण्याच्या आदल्या रात्री त्यावरून मॉडेलच्या आकृत्या काढतात. चौकोन असतात, बाण असतात. ‘ग्राहक’ म्हणजे कोण असा प्रश्न त्या चौकोनाला कोणी विचारलेला नसतो. परीक्षकही विचारत नाहीत. यंत्राने सोडलेले एकुलते एक काम ज्या जागी शिकवायचे, तीच जागा अशी बिनवाचली राहते. उलट, एका शब्दाचे दोन पाठ समोर ठेवून कोणता कोणत्या संदर्भात खरा हे तपासण्याचे शिक्षण त्याच शहरांतल्या मराठीच्या वर्गांत अजून, मोडकेतोडके का होईना, दिले जाते. आणि २०२४ पासून रिद्धपूरला मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठही उभे राहिले आहे. या दोन वर्गांची गाठ घालून द्यावी, असे एखाद्या अभ्यासमंडळाला सुचेल का? तूर्त दोन्हीकडचे अभ्यासक्रम एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत.

२०१७ मध्ये ‘कुटुंब’ हा घटक का धरला आणि २०१९ मध्ये तो का सोडला, याची भाषा शासननिर्णयांत सापडते. तो बदल प्रोग्रामच्या कोणत्या ओळींत उतरला, हे कोठल्या तरी संगणकात असेल. या दोहोंना जोडणारे, ओळीओळीचा प्रसंग सांगणारे बाड कोणी लिहून ठेवले असेल, तर ते आम्हांला वाचायचे आहे.